भुईपासून वीतभर

नत्थू गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची झोळी भर दुपारी आपोआप खाली सरकायला लागली. तेव्हापासून आमच्या शेडमधल्या मंडळींना दोरीच्या शास्त्रात एकदम रस निर्माण झाला. तोवर दोरीकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

हा अठ्ठावन्न सालचा उन्हाळा. भिलाईला भट्टी उभी राहत होती आणि काम रात्रंदिवस चालू होतं. पावर हाउस नावाच्या वस्तीच्या अंगाला पत्र्याची एक लांबलचक शेड होती, तीत आम्ही राहत होतो. आम्ही म्हणजे भंडाऱ्याकडून शेतातला नांगर सोडून आलेले खलाशी, जे गर्डर उचलायचं आणि उंचावर बसवायचं काम करत, आणि त्यांच्यात मी एकटा स्टोअरचा कारकून. माझं क्वार्टर सेक्टर दोनमध्ये मंजूर झालेलं होतं, पण फक्त नकाशावर. नकाशात मला पूर्वेची खिडकीही दिली होती. ती बांधून होईस्तोवर मी शेडमध्ये राहावं असं ठरलं.

शेडमध्ये निजण्याचे दोनच मार्ग होते. खाटेवर ढेकूण होते आणि खाली विंचू. तिसरा मार्ग नत्थूनं काढला. सुटीच्या दिवशी तो कुरुदच्या तळ्यावर आंघोळीला गेला होता. तिथं दोन आंब्यांच्या मध्ये जाळं बांधून एक रशियन साहेब तोंडावर टोपी ठेवून घोरत पडलेला त्यानं पाहिला. परत आल्यावर नत्थूनं मशीनच्या पेट्यांवरची फाटकी ताडपत्री शिवून तसलीच झोळी केली आणि शेडच्या दोन बल्ल्यांना, म्हणजे साल लाकडाच्या खांबांना, टांगली. दोरीही पेट्यांवरचीच. पांढरी, चकचकीत, परदेशी. हाताला साबणासारखी लागायची. लोक ती फेकून देत, कारण तिला गाठ धरवत नव्हती.

नत्थूनं मात्र गाठ बसवली होती. दोरी बल्लीला वळसा घालून परत यायची आणि स्वतःच्याच अंगाला वेटोळी मारून धरायची. ही वेटोळी वर ढकलली की झोळी वर, खाली ओढली की झोळी खाली. भार पडला की वेटोळी दोरीला चावायची. आपल्या अंबाडीच्या दोरीला ती चांगली चावतात. ह्या दोरीत दात रुतत नसत, पण नत्थूचा हात होता म्हणून निभावत होतं.

वर-खाली करायची सोय कशाला, तर झोळी एक होती आणि मालक दोन. नत्थू रात्रपाळीला जायचा आणि दिवसा निजायचा. त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा चिंधू दिवसपाळीला जायचा आणि रात्री निजायचा. झोळीला सुटी नव्हती. नत्थू उंचापुरा, अंगानं भारी. चिंधू तुराटीसारखा. नत्थूला झोळी भुईजवळ लागायची, चिंधूला कमरेच्या वर. त्यामुळं सकाळी एक जण खाली करायचा, रात्री दुसरा वर करायचा, आणि दोघांची गाठ पडली की पहिला विषय हाच असायचा.

"का बे चिंध्या, मी का चिमणी हाये का? एवढी वर कावून बांधतं?"

"आणि मी का बेडूक हाये? भुईले टेकवून ठेवतं. इंचू चढन ना आंगावर!"

"इंचवाची तुह्यासंग वळख हाये, माह्यासंग नाई. मले तं भुई हाताले लागली नाई का झोप नाई येत. पडल्यावानी वाटते."

हे खरं होतं. नत्थू झोळीत उताणा पडायचा, डावा हात बाहेर सोडायचा आणि तळवा भुईवर टेकवायचा. तळवा टेकला की घोरणं सुरू. जणू काही खालून कोणी परवानगी दिली.

एके दिवशी चिंधू कामावरून दमून आला. बघतो तर झोळी मातीला लागलेली. त्याचं डोकं फिरलं. त्यानं ती वर केली, वेटोळी आवळली आणि वर आणखी एक गाठ घातली, पार दातानं ओढून.

"उद्या पाह्यतो कसा खाली करते तं," तो आम्हाला म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. गाठ खरंच सुंदर बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू रात्रपाळीहून आला तो अंगात ताप घेऊन. त्या वर्षी गरम वाऱ्याची लू फार होती. शेड रिकामी, सगळे कामावर. चिंधू दुपारनंतर परतला तेव्हा नत्थू झोळीत होता, पण गेलेला होता. गाठीवर काळ्या ग्रीसच्या बोटांचे डाग होते. म्हणजे त्यानं सोडवायची खटपट केली होती. सुटली नाही म्हणून तो तसाच वर चढून निजला होता. डावा हात बाहेर लोंबत होता. तळवा आणि भुई यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

त्या दिवशी दोरी तसूभरही सरकली नव्हती.

आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला खाटेवरून खाली घेतात, सारवलेल्या भुईवर ठेवतात. अधांतरी जाऊ देत नाहीत. अधांतरी गेलेला अधांतरीच राहतो, असं म्हणतात. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे दुसऱ्याच विषयांवर बोलत. शिवनाथच्या काठी त्याला अग्नी दिला आणि आमचा स्वयंपाक करणारे वयस्क जानराव निरोप घेऊन गावी गेले. तिथं नत्थूच्या बायकोनं, भागीरथानं, पहिला प्रश्न विचारला तो हाच. जानराव म्हणाले, "हाव बाई, खाली घेतलं होतं. तोंडात पाणी घातलं."

परत आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं, "मंग काय सांगू? आमचा हात पोचला नाई म्हणू?"

नत्थूची रात्रपाळी रिकामी झाली होती, ती चिंधूला दिली. त्यामुळं दुपारची झोळीही त्याच्या वाट्याला आली. त्यानं ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बांधली, साध्या वेटोळ्यानं. दुसरी गाठ घालायला त्याचा हात धजेना. निजला. उठला तेव्हा पाठ भुईला लागलेली होती.

"सरकली असन," तो म्हणाला.

दुसऱ्या दुपारीही सरकली. तिसऱ्याही. आता ह्यात चमत्कार काही नाही. गुळगुळीत दोरी सरकायचीच. एवढंच होतं की नत्थूच्या वजनाला ती धरायची आणि चिंधूच्या सुटायची. रात्री तिच्यात जानराव निजून पाहत, तर जागची हलत नसे. सरकायची ती दुपारची, नत्थूच्या निजण्याच्या वेळेला. शेडमधल्या चारचौघांनी पावर हाउसच्या देवळात जाऊन नारळ फोडून घेतला. त्यातलं खोबरं चांगलं होतं.

तेव्हा गुलाबराव पुढं आले. गुलाबराव आमच्या टोळीवरचे चार्जमन, नागपूरचे. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असे, आणि गोष्ट घडायच्या आधीपासून ठाऊक असे.

"भूतबित काही नाही बे," ते म्हणाले. "घर्षण कमी पडून राहिलं. वेटोळे वाढवा."

वेटोळी वाढवली. दोरीवर वेटोळ्यांचा अजगर झाला. दुपारी अजगर सावकाश खाली सरकला.

मग खलाशांनी आपली अक्कल चालवली. बैलगाडीवर भारे आवळताना दोराला पाणी मारतात. दोर पाणी पितो, फुगतो आणि गाठ दगडासारखी होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्यांनी त्या परदेशी दोरीवर बादलीभर पाणी ओतलं. ती दोरी पाणी पीत नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. चिंधू चढायचा अवकाश, झोळी अशी सुटली की तो धपकन भुईवर.

"अबे, लागलं का?" गुलाबरावांनी विचारलं.

"लागलं जी. पन जाग्यावरच लागलं."

त्यानंतर राळ. वाण्याकडून आणून, वितळवून दोरीला चोपडली. सकाळी ती इतकी चिकट झाली होती की गुलाबराव खूश झाले. पण वैशाखातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय राळ टिकणार? ती पघळली. झोळी खाली आली, चिंधूही खाली आला. सदऱ्याची एक बाही तेवढी दोरीला चिकटून वर राहिली.

लोक हसले. चिंधू हसला नाही. संध्याकाळी तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याचे डोळे खोल गेले होते.

"बाबूजी, एक सांगू का? हसान नोका."

"बोल."

"मी निजतो ना, तं बाजूले कोणी सरकते. मले जागा करून देते. मंग खाली खाली जाते झोळी, आणि आंग गरम लागते. माह्यं नाई. दुसऱ्याचं."

"चिंधू, शेडमध्ये सगळ्यांचंच अंग गरम आहे. पत्रा तापतो."

"हाव जी," तो म्हणाला. मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात तसं.

पण प्रश्न नुसता भिण्याचा नव्हता. चिंधूला झोप नव्हती, आणि रात्री तो गर्डरवर चढायचा. खाली पाहिलं तर दिवे काजव्यांएवढे दिसतात अशा उंचीवर. तिथं माणसाला डुलकी लागली की सकाळी त्याच्या गावी दुसरा जानराव जातो. गुलाबरावांनाही ते दिसत होतं. ते चिंधूवर ओरडत, पण स्वतः झोळीभोवती हिंडत आणि गाठीला बोटानं टोचून पाहत.

मी शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसानं खात्री करून घ्यावी म्हणून सुटीच्या दुपारी मी शेडमध्ये थांबलो. चिंधूला माझ्या खाटेवर निजवलं, ढेकणांची क्षमा मागून. झोळी रिकामी टांगलेली होती. बाहेर लू वाहत होती, पत्रा मध्येच कडकड वाजत होता. मी झोळीकडे बघत बसलो.

रिकामी झोळी चपटी असते. दोन्ही काठ जवळ येतात, मध्ये घडी पडते. ही थोडा वेळ तशीच होती. मग तिला हळूहळू पोट सुटलं. काठ लांब झाले, ताडपत्री खाली ताणली गेली, दोरी ताठ झाली. वारा भरला असेल असं मी मनात म्हटलं. वारा यायचा तो दारातून, आणि दार बंद होतं. मग वेटोळं बल्लीपासून सरकायला लागलं. घाई नाही. एखादा माणूस फार दमला असताना जिना उतरतो तसं, थांबत थांबत.

मी उठून बाहेर गेलो. मला पत्रं टाकायची होती हे अचानक आठवलं. पत्रं लिहायची राहिली होती, पण ती पुढची गोष्ट.

शेवटी गुलाबरावांनीच जिंकलं. त्यांनी गोणपाटाची पट्टी फाडून दोरीला गच्च गुंडाळली, तिच्यावरून वेटोळं घातलं आणि मागं दोरीच्या टोकाला जाड गाठ मारून ठेवली, म्हणजे सरकलं तरी तिथं अडावं. गोणपाटात दात रुतले. दुपार झाली. झोळी जागेवर. दुसरी दुपार, जागेवर. गुलाबरावांनी पावर हाउसहून जिलेबी आणली आणि छाती काढून म्हणाले, "पाहा! भुताले गोणपाट चालत नाही."

चिंधूनं जिलेबी खाल्ली नाही.

"आता काय झालं बे?" जानरावांनी विचारलं.

"आता थे कुरकुरते. आयकान तं. कोणी खालून वढून राहिलं असं."

आम्ही ऐकलं. दोरी खरंच कुरकुरत होती. वजन आहे आणि उतरायला वाट नाही अशा दोरीचा तो आवाज असतो. खलाशांना चांगला ओळखीचा. तो आवाज आला की ते भाराखालून बाजूला होतात. सगळे मुकाट्यानं बाजूला झाले.

त्याच आठवड्यात भागीरथा आली. नत्थू गेल्याला पंधरवडा झाल्यावर त्याची पेटी न्यायला, गावच्या कोणाबरोबर तरी, दुपारच्या पॅसेंजरनं. मला वाटलं होतं रडारड होईल. ती काटकुळी, उन्हानं रापलेली बाई दारात चपला काढून आत आली, पाणी प्याली आणि पेटीकडं न पाहता झोळीपाशी गेली. चिंधू नुकताच उठून तोंड धुऊन आला होता. तो जागीच थांबला.

"हेच होय का?"

"हाव वयनी."

तिनं ताडपत्रीवर हात फिरवला, मग गोणपाटावर. "हे पोतं कायले गुंडाळलं?"

गुलाबराव पुढं झाले. "सरकत होती बाई. आता नाही सरकणार."

"कायच्यानं सरकत होती?"

गुलाबराव घर्षण म्हणणार होते, पण थांबले. मी त्यांना शब्दासाठी थांबलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भागीरथानं झोळीखाली हात धरला, भुईपर्यंतचं अंतर पाहिलं. तिचा प्रश्न साधा होता आणि तिनं तो चिंधूलाच विचारला.

"भाऊजी, त्यायचा हात टेकला होता का?"

जानराव पुढं सरकले. "अवो बाई, मी सांगतलं ना तुले, खाली..."

"मी याह्यले पुसून राहिली."

चिंधूनं जानरावांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. हो म्हण, असंच मी खुणावलं. त्यात वाईट काय, असं मला वाटलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तेवढी सूट दिली होती.

"नाई वयनी," चिंधू म्हणाला. "नाई टेकला. म्या वर बांधली होती. गाठीवर गाठ देल्ली होती, त्याले सुटली नाई. वीतभर राह्यलं."

शेडमध्ये फक्त दोरी कुरकुरत होती. भागीरथा त्या आवाजाकडं कान देऊन उभी होती. ती चिंधूवर ओरडेल, शाप देईल, असं मला वाटलं. चिंधूलाही वाटलं असावं. त्यानं मान खाली घातली होती, फटका घ्यायला तयार असल्यासारखी.

"मंग आता सोडा," ती म्हणाली. "तुमीच बांधली, तुमीच सोडा."

चिंधूनं मागची गाठ सोडली. ती सहज सुटली. मग गोणपाटाची पट्टी उलगडली. ती दोरीच्या जोरानं इतकी आवळली होती की शेवटी दात लावावे लागले. पट्टी भुईवर पडली. वेटोळं पुन्हा त्या गुळगुळीत दोरीवर बसलं आणि चिंधू हात काढून मागं सरला.

झोळीला पोट होतं. ते ह्या वेळी सगळ्यांनी पाहिलं, म्हणून मी लिहितोय. वेटोळं सरकायला लागलं. थांबत थांबत, पण कुठं अडत नाही असं. ताडपत्री भुईला लागली, आधी मधोमध, मग पाठीसारखी, मग सबंध. मग ती चपटी झाली. कोणी श्वास सोडावा तशी. काठ जवळ आले, घडी पडली. कुरकुर थांबली.

भागीरथा खाली बसली. तिनं त्या घडीशेजारी, डाव्या बाजूला, भुईवर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"लगन झालं तवापासून हेच," ती कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाली. "कुटंबी निजवा, याह्यले भुईच लागते."

मग ती उठली, पेटी घेतली. चिंधू पेटी डोक्यावर घेऊन तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेला. जाताना ती त्याला विचारत होती, जेवला का, आणि तो नाही म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं झोळी पुन्हा बांधली. साधं वेटोळं, गोणपाट नाही, मागं गाठ नाही, दोरी तीच. ती पुन्हा कधी सरकली नाही. गुलाबरावांच्या मते गोणपाटाचे तंतू दोरीत बसून राहिल्यामुळं घर्षण वाढलं होतं. हे कारण त्यांनी आम्हाला बरेच दिवस सांगितलं आणि आम्ही बरेच दिवस मान्य केलं. चिंधू त्या दुपारी घोरायला लागला. रात्री गर्डरवर त्याचा पाय नीट पडू लागला. ज्यासाठी एवढी खटपट केली ते साधलं होतं.

पुढं भट्टी पेटली, शेड मोडली, सगळे पांगले. माझं क्वार्टर नकाशातून बाहेर आलं. खिडकी मात्र पश्चिमेची निघाली. दोन-चार वर्षांनी चिंधूलाही सेक्टर दोनमध्येच क्वार्टर मिळालं. गावाहून बायको आली, तुळसाबाई, आणि त्यांनी चांगली लोखंडी खाट घेतली. एकदा दुपारी काही कामानं मी त्यांच्याकडं गेलो. तुळसाबाई दारात भाजी निवडत होती.

"निजले हायेत. रातपाळी हाये," ती म्हणाली, आणि आवाज खाली करून पुढं, "बाबूजी, एक इचारू का? याह्यनं नव्या खाटेचे पाय कापून आनले वर्कशॉपातून. म्हनते उंच होते. पह्यले तं असे नव्हते. पह्यले इंचवाले भेत होते."

मी आत डोकावलो. पाय कापलेल्या खाटेवर चिंधू उताणा निजला होता. डावा हात बाहेर, तळवा फरशीवर टेकलेला. सुखानं घोरत होता.

चिंधूचा हात आखूड. खाट कापली होती तरी फरशीपर्यंत पोचायला तो जरा कमीच पडला असता. पोचलेला होता, आणि मनगटापाशी मला बराच जाडही वाटला. पण मी त्याच आठवड्यात चष्मा बदलला होता, त्यामुळं तुळसाबाईला काही बोललो नाही. चहा न घेताच निघालो. मला पत्रं टाकायची होती.